मंदाकिनी : उगम, खोरे आणि यात्रामार्ग

श्रीक्षेत्र केदारनाथाच्या दर्शनासाठी महाराष्ट्रातून दरवर्षी मोठ्या संख्येने भाविक जातात. रुद्रप्रयाग सोडल्यापासून श्रींच्या मंदिरापर्यंत एक नदी त्यांना अखंड सोबत करते. ती म्हणजे मंदाकिनी. मोटारीच्या खिडकीतून ती कधी खोल दरीत, तर कधी अगदी रस्त्यालगत दिसते. गौरीकुंडाच्या पुढे तिचा घोष सतत कानी पडतो आणि केदारपुरीत पोहोचल्यावर तिच्या तीरावर हात जोडले जातात. तथापि ही नदी कोठून येते, तिला पाणी कसे मिळते आणि ज्या भूमीवर यात्रेकरू मुक्काम करतात ती भूमी कशी निर्माण झाली, याविषयी बहुतेकांना फारशी माहिती नसते. सन २०१३ च्या महाप्रलयानंतर ही माहिती प्रत्येक यात्रेकरूला असणे अगत्याचे झाले आहे. त्या दृष्टीने मंदाकिनीच्या खोऱ्याचा हा परिचय येथे दिला आहे.

नदी आणि तिचे खोरे

मंदाकिनी ही उत्तराखंड राज्याच्या गढवाल विभागातील, रुद्रप्रयाग जिल्ह्यातून वाहणारी नदी होय. केदारनाथ शिखरांच्या दक्षिण उतारावरील चोराबारी हिमनदीतून ती उगम पावते आणि सुमारे ऐंशी किलोमीटरचा प्रवास करून रुद्रप्रयाग येथे अलकनंदेस मिळते. अलकनंदा पुढे देवप्रयाग येथे भागीरथीला मिळते व तेथून या संयुक्त प्रवाहास गंगा हे नाव प्राप्त होते. म्हणजेच केदारनाथाच्या मंदिराजवळून वाहणारे पाणीच पुढे हरिद्वार, प्रयाग आणि काशी येथे गंगा म्हणून पूजिले जाते. चित्रकूट येथेही मंदाकिनी नावाची नदी आहे. ती विंध्य प्रदेशातील वेगळी नदी असून तिचा या नदीशी संबंध नाही.

‘मंद गतीने वाहणारी’ असा मंदाकिनी या शब्दाचा अर्थ सांगितला जातो. आकाशगंगेलाही हे नाव आहे. प्रत्यक्षात मात्र ही नदी अतिशय वेगवान आहे. उगमाजवळ तिची उंची सुमारे ३,८०० मीटर असून रुद्रप्रयागच्या संगमावर ती सुमारे ६१० मीटर इतकी उरते. म्हणजे ऐंशी किलोमीटरच्या अंतरात नदी तीन हजार मीटरहून अधिक खाली उतरते. प्रत्येक किलोमीटरला सरासरी चाळीस मीटर हा उतार फार मोठा आहे. त्यातही केदारनाथ ते गौरीकुंड हा टप्पा सर्वाधिक उताराचा आहे. येथे पाण्याला थांबण्यास जागाच नसल्याने मोठाले धोंडेही ते सहज वाहून नेते.

मार्गावरील प्रमुख स्थानांची समुद्रसपाटीपासून उंची पुढीलप्रमाणे आहे. (आकडे स्थूलमानाने दिले आहेत.)

केदारनाथ मंदिर – ३,५८३ मीटर
गौरीकुंड – १,९८२ मीटर
सोनप्रयाग – १,८२९ मीटर
गुप्तकाशी – १,३१९ मीटर
उखीमठ – १,३११ मीटर
रुद्रप्रयाग संगम – ६१० मीटर

महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसुबाई १,६४६ मीटर उंच आहे. पायी यात्रा जेथून सुरू होते ते गौरीकुंडच कळसुबाईहून उंच आहे आणि केदारनाथ तर तिच्या दुपटीहून अधिक उंचीवर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रदेशाची कल्पना येईल.

चोराबारी हिमनदी

केदारनाथ मंदिराच्या मागे उत्तरेस जी शुभ्र शिखरे दिसतात, त्यांत ६,९४० मीटर उंचीचे केदारनाथ शिखर व ६,८३१ मीटर उंचीचे केदार डोम ही प्रमुख आहेत. या शिखरांवर पडणारा हिम वर्षानुवर्षे साचत जातो. खालच्या थरांवर वरच्या थरांचा भार पडून त्याचा कठीण बर्फ बनतो आणि हा बर्फ स्वतःच्या वजनाने उतारावरून अत्यंत सावकाश सरकू लागतो. यालाच हिमनदी म्हणतात. चोराबारी हिमनदी सुमारे सात किलोमीटर लांबीची आहे. मंदिरापासून काही किलोमीटर वर तिचे मुख आहे. तिच्या शेजारी आणखी एक लहान हिमनदी आहे.

हिमनदी म्हटल्यावर भाविकांच्या मनात स्वच्छ, पांढऱ्या बर्फाचे चित्र उभे राहते. चोराबारीचा खालचा भाग मात्र दगड, वाळू व माती यांच्या थराने झाकलेला आहे. सरकणारा बर्फ डोंगर खरवडतो, बाजूच्या कड्यांवरून दगड कोसळतात आणि हा सारा मालमसाला हिमनदी आपल्याबरोबर खाली आणते. बर्फ वितळला की तो तेथेच पडून राहतो. हिमनदीच्या दोन्ही कडांना व मुखापाशी असे जे ढीग साचतात त्यांना हिमोढ म्हणतात. हिमोढातील दगडगोटे एकमेकांना घट्ट चिकटलेले नसतात. ते नुसते एकावर एक साचलेले असतात. ही बाब पुढील माहिती समजण्यासाठी महत्त्वाची आहे.

हिमनदीच्या घर्षणाने खडकांचे पिठासारखे बारीक चूर्ण होते व ते पाण्यात मिसळते. त्यामुळे उन्हाळ्यात अशा प्रवाहांचे पाणी दुधाळ किंवा राखाडी दिसते. ते पाणी अस्वच्छ आहे असे समजण्याचे कारण नाही; तो हिमनदीतून आल्याचा पुरावा आहे. केदारनाथाजवळ मंदाकिनीला येऊन मिळणाऱ्या एका प्रवाहास दूधगंगा हे नाव आहे. मधुगंगा, सरस्वती व स्वर्गदुआरी हे इतर प्रवाहही याच परिसरात मंदाकिनीस मिळतात.

देहरादून येथील वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेने या हिमनदीचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. त्यानुसार सन १९६२ ते २०१२ या पन्नास वर्षांत हिमनदीचे मुख सुमारे साडेतीनशे मीटर मागे सरकले, म्हणजे दरवर्षी सरासरी सात मीटरच्या आसपास. बर्फ मागे हटल्यावर त्याच्या जागी सुटा हिमोढ उघडा पडतो.

हिमनदीच्या पाण्याची वेळ

महाराष्ट्रातील यात्रेकरूंना पर्जन्यावर वाहणाऱ्या नद्यांचा परिचय असतो. त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी किंवा भीमाशंकरी उगम पावणारी भीमा या नद्या आषाढ-श्रावणात भरून वाहतात आणि चैत्र-वैशाखात त्यांचे उगमाकडील पात्र जवळजवळ कोरडे पडते. आकाश निरभ्र असेल तर नदी वाढणार नाही, अशी आपली समजूत याच अनुभवातून झालेली असते.

मंदाकिनीचा स्वभाव निराळा आहे. वैशाखात ऊन तापू लागले की तिचे पाणी वाढू लागते. रात्रीच्या थंडीत बर्फाचे वितळणे मंदावते, म्हणून पहाटे व सकाळी प्रवाह सर्वांत लहान असतो. दुपारी ऊन चढल्यावर बर्फ वितळतो. ते पाणी खाली पोहोचण्यास काही तास लागतात. त्यामुळे दुपारनंतर आणि सायंकाळी प्रवाह वाढलेला असतो. पावसाचा थेंबही न पडता हा चढउतार दररोज होतो. सकाळी ज्या दगडावर बसून स्नान केले, तोच दगड सायंकाळी पाण्याखाली गेलेला असू शकतो. म्हणून नदीच्या पात्रात उतरणे, पात्रातील दगडांवर बसून छायाचित्रे काढणे किंवा लहान मुलांना काठावर खेळू देणे हे निरभ्र दिवशीही धोक्याचे आहे.

जूनअखेरीस मोसमी पाऊस सुरू झाला की वितळलेला बर्फ आणि पाऊस असे दोन्ही प्रकारचे पाणी नदीत एकत्र येते. वर्षातील सर्वाधिक पाणी याच काळात असते. आश्विनानंतर थंडी वाढते, प्रवाह क्षीण होतो आणि पाणी निवळून निळसर होते. भाऊबीजेला श्रींच्या मंदिराचे दरवाजे बंद होऊन उत्सवमूर्ती उखीमठ येथील ओंकारेश्वर मंदिराकडे प्रस्थान ठेवते. हिवाळ्यात सारी केदारपुरी हिमाच्छादित असते. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास मंदिर पुन्हा उघडते व त्याचा मुहूर्त महाशिवरात्रीला उखीमठ येथे जाहीर केला जातो. बर्फाचे साचणे व वितळणे यांच्याशी ही परंपरा मिळतीजुळती आहे.

केदारपुरीची भूमी

चारी बाजूंनी उत्तुंग कडे असताना मध्ये मंदिरासाठी एवढी सपाट जागा कोठून आली, असा प्रश्न अनेक यात्रेकरूंना पडतो. याचे उत्तर हिमनदीच्या इतिहासात आहे. भूवैज्ञानिकांच्या अभ्यासानुसार सुमारे तेरा हजार वर्षांपूर्वी ही हिमनदी आजच्यापेक्षा पुष्कळ खालपर्यंत, रामबाड्याजवळ सुमारे २,८०० मीटर उंचीपर्यंत पसरलेली होती. पुढे हवामान उबदार होत गेले, तशी ती टप्प्याटप्प्याने मागे हटली. हटताना तिने आणलेले दगडगोटे व वाळू मागे राहिली आणि वितळलेल्या पाण्याने ती पसरून सपाट केली. केदारपुरी वसली आहे ती याच मैदानावर. मैदानाच्या एका बाजूने मंदाकिनी आणि दुसऱ्या बाजूने सरस्वती वाहते व वस्तीच्या खाली, मैदान जेथे संपते तेथे, दोन्ही प्रवाह एकत्र येतात.

पर्वतप्रदेशातील सपाट जागा बहुधा नदीने किंवा हिमनदीने तयार केलेली असते. ती जागा म्हणजे नदीचे जुने पात्र असते किंवा पुराच्या वेळी पसरण्याचे स्थान असते. नदी अशा जागेवरून अनेक वर्षे वाहत नाही, म्हणून माणूस ती कायमची मोकळी झाली असे समजतो. केदारपुरीत असेच घडले. नदीचा पूर्वेकडील एक जुना प्रवाहमार्ग दीर्घकाळ कोरडा होता. यात्रा वाढत गेली तशी त्या बाजूसही घरे, दुकाने व निवासस्थाने उभी राहिली. सन २०१३ च्या पुरात पाण्याने तोच मार्ग पुन्हा धरला.

केदारनाथ ते सोनप्रयाग

केदारनाथपासून रामबाड्यापर्यंत दरीचा तळ तुलनेने रुंद व बाजू ताशीव आहेत. इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा हा आकार हिमनदीने कोरलेल्या दरीची खूण आहे. रामबाड्याच्या खाली दरी अरुंद व खोल होते आणि तिचा आकार ‘व्ही’ अक्षरासारखा होतो. ही वाहत्या पाण्याने कापलेली दरी होय. पायी जाणाऱ्या यात्रेकरूने थांबून पाहिले, तर जेथे एके काळी हिमनदी संपत होती ती जागा त्याला स्वतःच्या डोळ्यांनी ओळखता येते.

वृक्षराजीतही असाच बदल दिसतो. रुद्रप्रयाग ते गुप्तकाशी या भागात चीड वृक्षांची वने आहेत. त्याहून वर बांज व बुरांश, आणखी वर भूर्जवृक्ष आणि त्यानंतर वृक्ष संपून ‘बुग्याल’ नावाची गवताळ कुरणे लागतात. सन १९७२ मध्ये स्थापन झालेले केदारनाथ वन्यजीव अभयारण्य याच परिसरात असून कस्तुरीमृग व मोनाल पक्षी यांचे ते आश्रयस्थान आहे. ब्रह्मकमळ याच उंच कुरणांवर फुलते.

गौरीकुंड येथे उष्णोदकाचा झरा आहे. हिमनदीच्या प्रदेशात गरम पाणी कसे, याचे कारण भूगर्भात आहे. भारतीय भूखंड उत्तरेकडे सरकत असल्याने हिमालयाच्या पोटात प्रचंड भेगा पडल्या आहेत. त्यांतील मेन सेंट्रल थ्रस्ट या नावाचा मोठा भ्रंश मंदाकिनीची दरी ओलांडून जातो. कुंड ते गौरीकुंड हा टप्पा या भ्रंशाच्या पट्ट्यात येतो. भेगांतून खोलवर मुरलेले पाणी तापून पुन्हा वर येते. याच कारणाने हा प्रदेश भूकंपप्रवण असून येथील खडक भंगलेले आहेत. २९ मार्च १९९९ च्या चमोली भूकंपाचे हादरे या खोऱ्यासही बसले होते.

सोनप्रयाग येथे वासुकीतालाकडून येणारी वासुकीगंगा, म्हणजेच सोनगंगा, मंदाकिनीस मिळते. शिवपार्वती विवाहाचे स्थान मानले जाणारे त्रियुगीनारायण याच संगमाच्या वरच्या अंगास आहे.

गुप्तकाशी ते रुद्रप्रयाग

गुप्तकाशी व उखीमठ ही दोन क्षेत्रे दरीच्या दोन बाजूंना समोरासमोर आहेत. दोन्ही वसली आहेत ती नदीकाठी नव्हे, तर नदीपासून पुष्कळ उंच असलेल्या उतारावर. या भागात मद्महेश्वराकडून येणारी मद्महेश्वरगंगा कालीमठकडून येणाऱ्या कालीगंगेला सोबत घेऊन मंदाकिनीस मिळते. पंचकेदारांपैकी केदारनाथ व मद्महेश्वर यांच्या परिसरातील पाणी आणि तुंगनाथाच्या डोंगरउतारांवरील काही ओढे मंदाकिनीत येतात. त्यामुळे ही नदी एकट्या केदारनाथाची नसून पंचकेदार यात्रेच्या मोठ्या भागाची जीवनरेखा आहे.

कुंडाच्या पुढे दरी हळूहळू रुंदावते. चंद्रापुरी, अगस्त्यमुनी व तिलवाडा येथे नदीच्या दोन्ही बाजूंस पायऱ्यांसारखी सपाट मैदाने दिसतात. पूर्वी नदी अधिक उंचीवरून वाहत असताना तिने पसरलेल्या गाळाची ही मैदाने आहेत. पुढे नदीने आपले पात्र खोल केले व जुना तळ पायरीप्रमाणे वर राहिला. वरच्या पायऱ्या जुन्या व नदीपासून दूर आहेत. खालच्या पायऱ्या नव्या असून नदीच्या आवाक्यात आहेत. भात व गव्हाची शेती या मैदानांवर होते.

रुद्रप्रयाग येथे मंदाकिनी व अलकनंदा यांचा संगम होतो. दोन्ही नद्या निरनिराळ्या खोऱ्यांतून व खडकांतून येत असल्यामुळे त्यांच्या पाण्याच्या रंगातील भेद संगमावर अनेकदा स्पष्ट दिसतो. पंचप्रयागांपैकी हा एक प्रयाग आहे.

जून २०१३ : काय घडले

केदारनाथपासून सुमारे दोन किलोमीटर वर, चोराबारी हिमनदीच्या कडेला, हिमोढाने अडवलेले एक तळे होते. त्याचे नाव चोराबारी ताल. सन १९४८ मध्ये महात्मा गांधींच्या अस्थींचा काही अंश येथे विसर्जित करण्यात आला, तेव्हापासून त्यास गांधी सरोवर असेही म्हणत. या तळ्यास बर्फाचे व पावसाचे पाणी मिळे. त्याला वाहून जाण्याचा उघडा मार्ग नव्हता. सुट्या हिमोढातून पाणी झिरपत बाहेर पडत असे.

त्या वर्षी मोसमी पाऊस नेहमीपेक्षा बराच लवकर आला आणि १६ जूनपर्यंत त्याने संपूर्ण देश व्यापला. डोंगरउतारांवर हिवाळ्यातील बर्फ अद्याप शिल्लक होता. त्यावर मुसळधार पाऊस कोसळला. चोराबारी हिमनदीजवळील वाडिया संस्थेच्या केंद्रावर १५ व १६ जून या चोवीस तासांत ३२५ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. १६ जूनच्या सायंकाळी पहिला पूर आला. मंदाकिनी व सरस्वतीच्या पुराने केदारपुरीत पाणी व दगडमाती शिरली. १७ जूनला सकाळी पावणेसातच्या सुमारास चोराबारी तालाचा हिमोढाचा बांध फुटला आणि काही मिनिटांत सारे तळे रिकामे झाले. हे पाणी प्रचंड शिळा व चिखल घेऊन केदारपुरीवर आले. मंदिराच्या मागे एक भली मोठी शिळा येऊन थांबली, तिच्यामुळे प्रवाह दुभंगला आणि मंदिर उभे राहिले. भाविक आज या शिळेस भीमशिळा म्हणून वंदन करतात.

मंदिराभोवतालची वस्ती मात्र उद्ध्वस्त झाली. खालील रामबाडा हे गजबजलेले विश्रामस्थान नामशेष झाले. गौरीकुंडाचा नदीकाठचा भाग वाहून गेला व तप्तकुंड गाळाखाली गाडले गेले. सोनप्रयाग येथे नदीचे पात्र दगडगोट्यांनी कित्येक मीटर भरून आले. चंद्रापुरी, अगस्त्यमुनी व तिलवाडा येथील काठावरच्या इमारती नदीत कोसळल्या. संपूर्ण उत्तराखंडात चार हजारांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले किंवा बेपत्ता झाले. त्यांत देशाच्या सर्व भागांतील यात्रेकरू होते. ऐन यात्रेचा हंगाम असल्याने नदीकाठची सर्व निवासस्थाने भरलेली होती. ११ सप्टेंबर २०१३ रोजी मंदिरातील पूजा पुन्हा सुरू झाली.

या घटनेचे स्मरण ठेवताना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या खोऱ्यात अशी संकटे एकदाच आलेली नाहीत. ऑगस्ट १९९८ मध्ये मद्महेश्वराच्या खोऱ्यात मोठ्या दरडी कोसळून नदीचा प्रवाह अडला होता. सन २००१ मध्ये फाटा परिसरात, सप्टेंबर २०१२ मध्ये उखीमठ परिसरात आणि ऑगस्ट २०२३ मध्ये गौरीकुंड येथे दरडींनी जीवितहानी झाली. ३१ जुलै २०२४ च्या अतिवृष्टीत भीमबली व लिंचोली दरम्यानचा पायमार्ग तुटून हजारो यात्रेकरूंची सुटका करावी लागली. यांपैकी बहुतेक घटना पावसाळ्यात घडलेल्या आहेत, ही नोंद यात्रेची तारीख ठरवताना उपयोगी पडते.

चट्टी, धर्मशाळा आणि जागेची निवड

मोटाररस्ते होण्यापूर्वी यात्रेकरू हा संपूर्ण मार्ग पायी आक्रमीत असत. काही अंतरावर ‘चट्टी’ नावाची विश्रामस्थाने असत. दुकानदाराकडून शिधा घेतला की निवाऱ्याचे वेगळे भाडे द्यावे लागत नसे. जंगलचट्टी व गरुडचट्टी ही नावे त्या काळाची आठवण देतात. जुनी गावे बहुधा वरच्या उतारांवर किंवा उंच पायऱ्यांवर वसलेली होती. नदीकाठ शेतीसाठी, घराटांसाठी म्हणजे पाणचक्क्यांसाठी व स्नानासाठी असे, राहण्यासाठी नसे. मोटाररस्ता नदीच्या काठाने गेला, तशी दुकाने व निवासस्थाने खाली नदीजवळ आली. गुप्तकाशी व उखीमठ यांची उंचावरील जागा आणि रामबाड्याची नदीकाठची जागा यांची तुलना केली असता पूर्वजांच्या निवडीतील शहाणपण कळून येते.

केदारनाथ व इतर तीर्थक्षेत्री धर्मशाळा बांधण्याची पुण्यपरंपरा महाराष्ट्रास नवी नाही. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांनी केदारनाथ येथेही धर्मशाळेची सोय केली होती. आजही अनेक दानशूर भाविक यात्रामार्गावर निवास, अन्नछत्र किंवा पाणपोई यांसाठी देणगी देऊ इच्छितात. अशा देणगीदारांनी इमारत किती खोल्यांची आहे हे विचारण्यापूर्वी ती कोठे उभी राहणार आहे हे विचारावे. जागा नदीपात्रापासून किती उंच आहे, २०१३ चे पाणी तेथपर्यंत आले होते काय, शेजारी कोरडा ओढा आहे काय, वरच्या उताराला सुटा दगडमातीचा ढीग आहे काय, या चार प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तरच देणगी द्यावी. यात्रेकरूला एका रात्रीचा सुरक्षित निवारा देणे हे मोठे पुण्य आहे. परंतु धोक्याच्या जागी बांधलेली भव्य वास्तू निवारा ठरत नाही.

केदारपुरीत २०१३ नंतर मंदिराच्या मागे संरक्षक भिंत बांधण्यात आली, मंदिरासमोरील मार्ग रुंद व मोकळा करण्यात आला आणि आद्य शंकराचार्यांचे समाधिस्थळ नव्याने उभारून ५ नोव्हेंबर २०२१ रोजी त्याचे लोकार्पण झाले. रामबाड्यापासून पुढचा पायमार्ग नदी ओलांडून पलीकडच्या बाजूने लिंचोलीमार्गे नेण्यात आला. त्यामुळे गौरीकुंडापासूनचे पूर्वीचे चौदा किलोमीटरचे अंतर वाढून सोळा किलोमीटरहून अधिक झाले आहे.

यात्रेकरूंनी लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

१. यात्रेसाठी शासनाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. नोंदणीमुळे आपत्तीच्या वेळी कोण कोठे आहे याचा शोध घेणे सोपे जाते. ती टाळू नये.

२. मे महिन्याचा पहिला पंधरवडा ते जूनचा मध्य आणि मध्य सप्टेंबर ते भाऊबीज हे काळ त्यातल्या त्यात सोयीचे आहेत. जुलै व ऑगस्ट महिन्यांत प्रवास शक्यतो टाळावा.

३. गौरीकुंडाहून पहाटे लवकर निघावे. हिमालयात दुपारनंतर हवामान बिघडण्याचा संभव अधिक असतो आणि ओढ्यांचे पाणीही वाढलेले असते.

४. मुक्कामाची जागा निवडताना नदीकाठची खोली नाकारावी, भले ती स्वस्त व रमणीय असली तरी. रात्री पाऊस पडत असल्यास सामान बांधून ठेवावे आणि वर जाण्याचा रस्ता आधीच पाहून ठेवावा.

५. नदीचे पाणी एकाएकी गढूळ झाले, त्यात झाडांच्या फांद्या दिसू लागल्या, दगड गडगडल्याचा आवाज येऊ लागला किंवा पाणी अचानक कमी झाले, तर ती धोक्याची सूचना समजावी. पाणी कमी होण्याचा अर्थ वर कोठेतरी दरडीने प्रवाह अडला आहे असा असू शकतो. अशा वेळी नदीच्या दिशेने खाली न पळता उताराच्या बाजूने वर जावे.

६. केदारनाथच्या उंचीवर हवेतील प्राणवायू समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो. सोनप्रयाग किंवा गुप्तकाशी येथे एक रात्र थांबून मगच चढावे. हृदयविकार, दमा किंवा उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय जाऊ नये. डोके दुखणे, मळमळ व धाप लागणे ही लक्षणे वाढल्यास दर्शनाचा आग्रह न धरता खाली उतरावे.

७. प्लॅस्टिकच्या पिशव्या, बाटल्या व निर्माल्य नदीत टाकू नये. येथे टाकलेली वस्तू गंगेतच जाते.

८. प्रशासनाने मार्ग थांबवला असल्यास वाद घालू नये. परतीच्या आरक्षणात एक-दोन दिवस मोकळे ठेवून यात्रा आखावी, म्हणजे थांबावे लागले तरी मनस्ताप होत नाही.

मंदाकिनीने केदारपुरीची भूमी घडविली आणि यात्रेकरूंच्या कैक पिढ्यांना पाणी व मार्ग दिला. तिने घडविलेल्या भूमीवर मनुष्य पाहुणा म्हणून जातो. पाहुण्याने यजमानाच्या वेळा व मर्यादा पाळाव्यात, हा आपल्याकडील जुना रिवाज आहे. तो पाळणाऱ्या प्रत्येक भाविकास श्रीकेदारनाथाचे निर्विघ्न दर्शन घडो आणि तो सुखरूप घरी परतो, ही श्रींच्या चरणी प्रार्थना.